आरोपीच्या मनाची परीक्षा

बुलढाणा जिल्ह्यांत पिंपळगांव सराई या गांवाजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते. होळींत नारळांच्या राशी जळतात, आणि वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा येथूनच नव्हे, तर परप्रांतांतूनहि हिंदु व मुसलमान कुटुंबें दर्शनाला येतात. यांपैकीं पुष्कळांच्या बरोबर एखादें असें माणूस असतें, कीं ज्याच्याविषयीं घरचीं मंडळी हलक्या आवाजांत बोलतात. रात्ररात्र न झोपणारा मुलगा, स्वतःशींच पुटपुटणारी सून, सख्ख्या भावावर संशय घेणारा कर्ता पुरुष. ‘बाहेरचें झालें आहे’ असें म्हणून त्याला येथें आणतात. कोणी चार दिवस राहतात, कोणी महिनेच्या महिने.

श्रद्धेची निंदा करणें हा या भाषणाचा हेतु नाहीं. दुःखानें पोळलेलें कुटुंब जेथें धीर मिळेल त्या दारीं जाणारच. अशा स्थानांतून रुग्णांना साखळदंडानें जखडण्याची जी रीत होती, तिचा शेवट कसा होऊं शकतो हें ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें दिसून आलें. तेथें पहांटेच्या आगींत २८ मनोरुग्ण मरण पावले. पायांत साखळ्या असल्यामुळें त्यांना पळतां आलें नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें कोणत्याहि मनोरुग्णाला कोणत्याहि रीतीनें साखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. तो विषय मोठा आहे व स्वतंत्र आहे. आज फक्त एका लहानशा गोष्टीकडे श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे. दर्ग्यांत काढलेल्या दिवसांचा केसपेपर निघत नाहीं. आणि न्यायालय जेव्हां एखाद्या आरोपीच्या मनाची परीक्षा करावयास बसतें, तेव्हां तें प्रथम केसपेपर मागतें.

एक कल्पित उदाहरण घेऊं. मेहकर तालुक्यांतील एका शेतकऱ्याचा पंचविशींतला मुलगा. दोन वर्षें त्याला कोणी नसतांना आवाज ऐकूं येतात. चुलता आपल्या भाकरींत विष कालवितो अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. आईनें अंगारा लावला, ताईत बांधला, लागोपाठ दोन होळ्यांना सैलानीस नेलें. एके दुपारीं शेतांत त्यानें चुलत्याच्या डोक्यांत कुऱ्हाड घातली आणि तेथेंच धुऱ्यावर बसून राहिला. पळाला नाहीं, कुऱ्हाड लपविली नाहीं. पोलीस पाटील आले तेव्हां त्यानें एवढेंच विचारलें, “आतां मला भाकर मिळेल ना?”

हा मनुष्य गुन्हेगार कीं रोगी? मेलेल्या चुलत्याची विधवा त्याच घरांत, त्याच ओसरीवर बसलेली आहे, हेंहि विसरूं नये. तिला न्याय हवा आहे, आणि तो मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न जुना आहे. १८४३ सालीं लंडनमध्यें डॅनियल मॅक्नॉटन नांवाच्या इसमानें पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. टोरी पक्ष आपला पाठलाग करून छळ करीत आहे, असा त्याला भ्रम झाला होता. ज्यूरीनें त्याला वेडाच्या कारणावरून सोडलें आणि मोठा लोकक्षोभ उसळला. तेव्हां उमरावांच्या सभेनें न्यायाधीशांना कांहीं प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरांतून जो नियम निघाला, तोच १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत कलम ८४ होऊन आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या बाविसाव्या कलमांत आहे. आशय तोच आहे. कृत्य करतेवेळीं मनोविकलतेमुळें त्या कृत्याचें स्वरूप, किंवा तें चुकीचें अथवा कायद्याविरुद्ध आहे ही गोष्ट, जाणण्यास जो असमर्थ होता, त्याचें कृत्य अपराध ठरत नाहीं.

कायद्याच्या मराठींत येथें वेड हा शब्द टाळून मनोविकल असा शब्द घातला आहे, हें फार बरें झालें. मराठी भाषेनें वेड हा शब्द फार सैल हातानें वांटला आहे. नाटकाचें वेड, क्रिकेटचें वेड, आणि देवाचेंहि वेड. याच जिल्ह्यांत शेगांवीं १८७८ सालीं उष्ट्या पत्रावळींवरील शितें वेंचून खाणाऱ्या दिगंबर पुरुषाला पाहून येणाऱ्याजाणाऱ्यांनीं काय तर्क केला असेल, आणि पुढें सारें वऱ्हाड त्यांना गजानन महाराज म्हणून कसें वंदूं लागलें, ही कथा तेथलीं लहान मुलेंहि सांगतात. नुसत्या बाह्य वागणुकीवरून मनाची पारख करूं नये, हें बुलढाण्याच्या माणसाला निराळें शिकवावें लागत नाहीं.

न्यायालयापुढील अडचण अशी, कीं एकाच मनुष्याचीं निरनिराळ्या काळचीं मनें तपासावीं लागतात. पहिला प्रश्न आजचा. आरोपी आज आपल्यावरील आरोप समजूं शकतो काय, वकिलाला कांहीं सांगूं शकतो काय? या बाबतींत शंका येण्यास कारण असलें, तर न्यायाधीशानें खटला पुढें रेटतां कामा नये. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ही व्यवस्था कलमें ३२८ व ३२९ यांत होती; आतांच्या नागरिक सुरक्षा संहितेंत ती कलमें ३६७ व ३६८ यांत आहे. चौकशीच्या टप्प्यावर असलेला आरोपी प्रथम सिव्हिल सर्जनकडे जातो, तेथून मनोविकारतज्ज्ञाकडे. आणि तज्ज्ञाचें मत मान्य नसेल तर मंडळाकडे दाद मागतां येते.

दुसरा प्रश्न गेलेल्या क्षणाचा, आणि तो फार कठीण. कुऱ्हाड उचलली त्या दुपारीं त्या मुलाच्या मनांत काय होतें? त्या दुपारीं तेथें कोणी डॉक्टर नव्हता. परीक्षा होते ती सहा महिन्यांनीं, वर्षानें, आणि तोंवर तुरुंगांत औषध मिळून मुलगा पुष्कळसा शांत झालेला असतो. शिवाय हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. १९६४ सालीं गुजरातेंतून आलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या भाराचें वजन ठरवून दिलें. आरोपीला निर्विवाद सिद्धता द्यावी लागत नाहीं. दिवाणी दाव्यांत लागतो तितका संभव दाखविला तरी पुरतें. परंतु त्यासाठीं कृत्याच्या आधींची, त्या वेळची व नंतरची परिस्थिति न्यायालयापुढें मांडावी लागते. ‘आधींची’ या शब्दावर सारें अडतें.

त्याचें उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. १९९४ च्या एप्रिलमध्यें एका पोलीस शिपायानें राहत्या पोलीस वसाहतींत आपल्या पत्नीला दगडानें मारून ठार केलें. सत्र न्यायालयांत आणि उच्च न्यायालयांत तो दोषी ठरला. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मात्र त्याला कलम ८४ चा लाभ दिला. निकालांत न्यायमूर्तींनीं ज्या गोष्टी एकत्र आणल्या, त्या पाहण्याजोग्या आहेत. त्याच्या वडिलांना मानसिक आजार होता. १९९२ पासून त्याच्यावर उपचार चालूं होते आणि रोगाचें नांव, संशयप्रधान स्किझोफ्रेनिया, कागदावर होतें. घटनेनंतर जून ते डिसेंबर या अवधींत त्याला २५ वेळां रुग्णालयांत न्यावें लागलें. पत्नीला मारण्याचा हेतु क्षुल्लक होता. ती नोकरी सोडूं नको म्हणत होती, इतकेंच. कृत्य दिवसाढवळ्या घडलें आणि त्यानें लपण्याचा प्रयत्न केला नाहीं. मेहकरच्या त्या मुलाच्या बाबतींतहि पुष्कळसें असेंच आहे. नाहीं ती फक्त १९९२ ची नोंद.

सरकारी वकिलाची बाजूहि ऐकली पाहिजे. वेड पांघरून पेडगांवला जाणारे लोक न्यायालयांत येतच नाहींत, असें कोण म्हणेल? फांसाचा दोर समोर दिसत असतां माणूस काय वाटेल तें सोंग घेईल. गान्झर नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८९८ सालीं कांहीं कैद्यांचें वर्णन केलें. त्यांना साधा प्रश्न विचारला तरी ते नेमकें उत्तर चुकवून त्याच्या शेजारचें उत्तर देत. गाईला पाय किती, तर पांच! हें निव्वळ सोंग कीं हाहि एक रोगच, यावर पुढें पुष्कळ वाद झाले. परंतु अनुभवी डॉक्टरांना एक गोष्ट सहसा फसवीत नाहीं. सोंग घेणारा आपलें वेड दाखवितो. खरा रोगी तें झांकतो. ‘मला कांहीं झालेलें नाहीं, मला घरीं पाठवा,’ हें वाक्य खऱ्या रोग्याच्या तोंडीं अधिक असतें. सोंगाड्याला दिवसा, कोणी पाहत असतां, आवाज ऐकूं येतात. रात्रीं तो स्वस्थ झोपतो. म्हणून अशी परीक्षा एका भेटींत होत नाहीं. खाणें, झोप, इतर कैद्यांशीं बोलणें, एकांतांतील हालचाल हें सारें दिवसेंदिवस टिपून घ्यावें लागतें.

आणि इतकें करूनहि चूक होते. मुंबईच्या रामन राघवच्या खटल्यांत हें जितकें स्पष्ट दिसलें, तितकें महाराष्ट्रांत दुसरीकडे क्वचितच दिसलें असेल. १९६५-६६ मध्यें व पुन्हां १९६८ मध्यें मुंबईच्या उपनगरांत रात्रीं रस्त्याच्या कडेला व झोपड्यांत निजलेल्या गरीब माणसांची डोकीं ठेंचून त्यांचे खून झाले. सारें शहर जागून काढूं लागलें. पहिल्या मालिकेच्या वेळीं हा इसम एकदां पोलिसांच्या हातीं लागलाहि होता. परंतु पुरावा नव्हता म्हणून सुटला. २७ ऑगस्ट १९६८ रोजीं तो पुन्हां पकडला गेला आणि त्यानें सुमारे चाळीस खुनांची कबुली दिली.

खटला १९६९ च्या जूनमध्यें उभा राहिला. बचावाच्या वकिलानें अर्ज केला, कीं आरोपी मनोविकल आहे, त्याला आपला बचाव करतां येणार नाहीं. न्यायालयानें त्याला पोलीस सर्जनकडे पाठविलें. त्यांनीं २८ जूनपासून ५ ऑगस्टपर्यंत त्याला देखरेखीखालीं ठेवलें व मत दिलें, कीं स्मरणशक्ति शाबूत, बुद्धि साधारण, खटल्याचें स्वरूप कळतें; हा वेडा नव्हे. खटला चालला. त्यांत नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञानें साक्ष दिली ती अगदीं उलट. त्यानें आरोपीला आर्थर रोड तुरुंगांत भेटून तपासलें होतें. त्याचें म्हणणें असें, कीं हा दीर्घकाळ स्किझोफ्रेनियानें ग्रासलेला आहे. आपण माणूस मारतों आहों हें त्याला कळत होतें, परंतु तें कायद्याविरुद्ध आहे हें कळत नव्हतें. न्यायालयानें पहिलें मत ग्राह्य धरलें आणि फांशीची शिक्षा दिली. आरोपीनें अपील करण्याचें नाकारलें.

कायद्याप्रमाणें फांशीला उच्च न्यायालयाची संमति लागते. तेथें न्यायमूर्तींनीं तीन मनोविकारतज्ज्ञांचें खास मंडळ नेमण्याची आज्ञा केली. त्या तिघांनीं पांच वेळां, दर वेळीं सुमारे दोन तास, त्याची मुलाखत घेतली. तेव्हां जें बाहेर आलें तें थक्क करणारें होतें. जगें दोन आहेत. एक हें, आणि दुसरें ‘कानून’चें. आपण त्या कानूनचे प्रतिनिधि आहों. या जगांतील लोक आपल्याला पुरुषाचा बाई करूं पाहत आहेत. शेवटच्या भेटींत डॉक्टरांनीं निरोप घेतांना हात पुढें केला, तर त्यानें हात मिळविला नाहीं. कानूनचा प्रतिनिधि या पापी जगांतील माणसांना शिवत नाहीं, असें त्यानें सांगितलें.

पुढें फांशी अमलांत आली नाहीं. १९८७ सालीं उच्च न्यायालयानें, रोग बरा होण्यासारखा नाहीं म्हणून, ती रद्द करून जन्मठेप ठरविली. येरवड्याला तो बंदिवासांतच राहिला आणि १९९५ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत मूत्रपिंडाच्या विकारानें मेला. जवळजवळ सहा आठवड्यांच्या देखरेखींत जें दिसलें नाहीं, तें दहा तासांच्या बोलण्यांत दिसलें. पहिला डॉक्टर अप्रामाणिक होता असें मुळींच नाहीं. ‘खटला समजतो काय’ या प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलें, आणि तें त्या प्रश्नापुरतें कदाचित् खरेंहि असेल. ज्याची स्मरणशक्ति शाबूत आहे तो भ्रमांतून मुक्त आहे, हें मात्र त्यावरून निघत नाहीं.

शिक्षेच्या वेळचें मन हा आणखी एक प्रश्न. महाराष्ट्रांतील एका बंद्याच्या खटल्यांत १२ एप्रिल २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार, ज्यामुळें माणसाला शिक्षेचा अर्थच कळत नाहीं, हेंहि फांशी कमी करण्यास कारण होऊं शकतें. अपराध दोन अल्पवयीन मुलींच्या खुनाचा, अत्यंत भयंकर. तरी न्यायालयानें निकालपत्रांत त्याचें नांव घातलें नाहीं, ‘अभियुक्त क्ष’ एवढेंच म्हटलें; कारण रोग्याची गुप्तता हा रोग्याचा हक्क आहे, तो बंदी असला तरी. त्याची फांशी गेली. परंतु उरलेलें सर्व आयुष्य त्याला बंदिवासांतच काढावयाचें आहे.

गांवकऱ्यांना ज्याची सर्वांत अधिक भीति वाटते, तो प्रश्न याहून निराळा आहे. हा मनुष्य उद्यां पुन्हां असें करील काय? मनोविकलतेमुळें निर्दोष ठरलेला आरोपी सरळ घरीं जात नाहीं. त्याला सुरक्षित ठिकाणीं ठेवण्याची आज्ञा होते, आणि तो स्वतःला वा इतरांना अपाय करणार नाहीं असें प्रमाणपत्र मिळेपर्यंत तो बाहेर येत नाहीं. येथें डॉक्टरांना भविष्य सांगावें लागतें, आणि भविष्य सांगतांना शहाणा मनुष्य भिऊन दोन पावलें मागेंच राहतो. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत ‘अत्यंत धोक्याचे’ म्हणून कडेकोट बंदोबस्तांत ठेवलेल्या नऊशेंहून अधिक रुग्णांना १९६६ सालच्या एका निकालामुळें साध्या मनोरुग्णालयांत हलवावें लागलें. सर्वांनीं अनर्थाची अपेक्षा केली होती. प्रत्यक्षांत पुढल्या कांहीं वर्षांत बहुतेकांच्या हातून कांहींच हिंसा झाली नाहीं. उलटपक्षीं आसामांतील एक गृहस्थ १९५१ सालीं पकडला गेला, मनोविकल म्हणून तेजपूरच्या रुग्णालयांत गेला, आणि खटला न चालतांच ५४ वर्षांनीं, २००५ सालीं, म्हातारा होऊन सुटला. त्याला धोक्याचा म्हणून कोणी डांबलें नव्हतें. त्याचा कागद कोणी पुढें सरकविला नाहीं, एवढेंच.

मनोरुग्ण म्हणजे हिंसक, ही समजूतहि खरी नव्हे. बहुतेक मनोरुग्ण कोणाला इजा करीत नाहींत. उलट तेच पुष्कळदां लोकांच्या मारहाणीचे बळी होतात. धोका वाढतो तो रोगावर औषध नसतांना, दारूची जोड मिळतांना, आणि ‘त्याला मार’ असें आवाज सांगूं लागतात तेव्हां. हीं चिन्हें घरच्यांना आधीं दिसतात. न्यायालयाला सर्वांच्या शेवटीं.

पुन्हां बुलढाण्याकडे वळूं. २०११ च्या शिरगणतींत या जिल्ह्याची वस्ती सुमारे २५ लाख ८६ हजार होती. विदर्भाचें जुनें मनोरुग्णालय नागपूरला, तीनशेंहून अधिक किलोमीटरांवर. पोलीस बंदोबस्तांत एक आरोपी तेथें न्यावयाचा, ठेवावयाचा, परत आणावयाचा, यांत तारखांवर तारखा पडत जातात. तुरुंगांतील तपासणीची गोष्ट याहून गमतीची आहे. २०१७ चा कायदा सांगतो, कीं तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें दर तीन महिन्यांनीं मंडळाला, तुरुंगांत एकहि मनोरुग्ण बंदी नाहीं, असें प्रमाणपत्र पाठवावें. हेतु चांगला आहे. पण प्रमाणपत्राचा मजकूर आधींच ठरलेला असला, म्हणजे पाहणारे डोळे त्याच्याशीं जुळवून घेऊं लागतात.

त्याच कायद्यांत एक कलम आहे, जें खेड्यांतून फारसें कोणाला ठाऊक नसतें. घरांत मनोरुग्णाची हेळसांड किंवा छळ होत असल्याचें कळलें, तर पोलिसांनीं मॅजिस्ट्रेटला कळवावयाचें असतें. आणि मॅजिस्ट्रेट अशा माणसाला तपासणीसाठीं दहा दिवसांपर्यंत रुग्णालयांत ठेवण्याची आज्ञा देऊं शकतो. रस्त्यावर भटकणाऱ्या, अगर स्वतःला वा इतरांना धोका होईल असें वागणाऱ्या रुग्णाला ताब्यांत घेऊन डॉक्टरांकडे पोंचविण्याचें कामहि पोलिसांवरच टाकलेलें आहे. म्हणजे डॉक्टरांनीं त्या मुलाला तपासण्याची वेळ कुऱ्हाड उचलण्यापूर्वींहि येऊं शकत होती. त्याला गुन्हा घडण्याची अट नव्हती.

गुजरातेंत मेहसाणा जिल्ह्यांत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यांत या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘दवा आणि दुआ’ या नांवानें एक उपक्रम सुरू झाला. तेथले मुजावर आलेल्या रुग्णासाठीं दुआ मागतात आणि जवळच बसलेल्या डॉक्टरकडे त्याला पाठवितात. भाविकाला दर्गा सोडावा लागत नाहीं आणि डॉक्टरला वहींत नांव, तारीख, लक्षणें लिहितां येतात.

मेहकरच्या त्या कल्पित मुलाची आई सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यांत बसली आहे. वकील बाहेर येऊन विचारतात, “मावशी, डॉक्टरचा एखादा जुना कागद आहे काय घरीं?” ती पदराची गांठ सोडते आणि काळ्या दोऱ्यांतला ताईत काढून त्यांच्या हातावर ठेवते.